खतावणी कुणाच्या कपाटात?

धंद्यात इंटरनेट आल्यापासून पडलेले प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. त्याला सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून भरपूर पत्रं आली. मी सांगलीत व्यापाऱ्यांच्या हिशोबाचे संगणक बसवून देते आणि ते चालते ठेवते. फ्लॉपीत हिशोब मावायचा, त्या काळापासून हे काम करतेय. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण बऱ्याच पत्रांत धंद्याचे आकडे आहेत.

प्रश्न : आमचं गणपती पेठेत किराणा मालाचं घाऊक दुकान आहे. २०१९ च्या पुरात संगणकही गेला आणि वह्याही गेल्या. आता मुलगा म्हणतो, सगळा हिशोब क्लाउडवर टाकू. मला ते पटत नाही. आपल्या धंद्याचा हिशोब परक्याच्या मशीनवर कसा ठेवायचा? आणि तो राहतो तरी नक्की कुठे?
— घाऊक व्यापारी, सांगली

काका, तुमची शंका रास्त आहे आणि मुलाचं म्हणणंही बरोबर आहे. आधी तो राहतो कुठे ते सांगते. क्लाउड म्हणजे भाड्याचं गोदाम. पोत्यांऐवजी त्यात संगणक ओळीने लावलेले असतात. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली आपल्या संगणकांवरची जागा आणि ताकद बाहेरच्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली, तिथून हा धंदा फोफावला. २०१६ मध्ये त्यांनी मुंबईत केंद्र उघडलं. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांचीही केंद्रं आपल्या देशात आहेत. तुम्हाला सॉफ्टवेअर विकणारी कंपनी बहुतेक वेळा अशाच कुणाकडून तरी जागा घेते. म्हणजे तुम्ही आणि तुमची खतावणी यांच्यामध्ये एक सोडून दोन कंपन्या उभ्या असतात. 'परक्याचं मशीन' हा तुमचा शब्द अगदी चपखल आहे.

पण आपल्या मशीनवर काय झालं, तेही आठवा. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर तुमच्याच पेठेतल्या एका दुकानात मला बोलावलं होतं. गच्चीवर वह्या उलगडून वाळत घातल्या होत्या. शाईपेनने लिहिलेली पानं निळ्या डागांची झाली होती. बॉलपेनची अक्षरं शाबूत होती, पण पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सुटी करायला जावं तर फाटायची. संगणकाच्या डब्यातून गाळ काढला. हार्ड डिस्क पुण्याला पाठवली, तिथून काहीही निघालं नाही. बॅकअपचा पेनड्राइव्ह त्यांच्याकडे होता, दर शनिवारी दिवाणजी न चुकता त्यावर नक्कल घ्यायचे. पण तो ठेवला होता गल्ल्याच्याच खणात.

त्या दुकानाचा हिशोब परत उभा राहिला तो जीएसटीच्या पोर्टलवरून. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात नोंदणी असलेल्या दुकानदारांना दिलेलं एकेक बिल होतं. जीएसटीआर-२ए मध्ये पुरवठादारांनी भरलेली, म्हणजे यांच्या खरेदीची, बिलं होती. ते सगळं उतरवून घेऊन आम्ही सॉफ्टवेअरमध्ये परत चढवलं. मात्र खेड्यापाड्यांतल्या ज्या लहान दुकानांना जीएसटी नंबर नव्हता, त्यांची विक्री पोर्टलवर नुसत्या एकूण आकड्यात होती. कुणाकडे किती उधारी, हे तिथे नव्हतं. सरकारला ते कधी लागलंच नाही, मग ते तिथे असणार कसं? त्या उधारीतली काही रक्कम लोकांनी आपणहून आणून दिली. बाकीची बुडाली.

म्हणून माझं मत असं आहे : हिशोब क्लाउडवर जरूर ठेवा, पण त्याची एक पूर्ण प्रत कायम तुमच्या हातात असू द्या. सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याला एकच गोष्ट समोर करून दाखवायला सांगा, 'माझा सगळा डेटा आत्ता मला एक्सेलमध्ये काढून द्या.' सगळा म्हणजे नुसता ताळेबंद नव्हे. प्रत्येक व्हाउचर, प्रत्येक पार्टीचं खातं, शिल्लक मालाची यादी. जो हे पाच मिनिटांत करून दाखवतो, त्याच्याशी पुढचं बोला. 'पीडीएफ मिळेल' म्हणतो त्याला नमस्कार करा, कारण पीडीएफमधला हिशोब दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट चढत नाही. वर्गणी थकली तर डेटा किती दिवस ठेवणार, हेही लेखी घ्या. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत संपल्यापासून ७२ महिने हिशोब जपावा लागतो. तोवर ती कंपनी असेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अजून एक गोष्ट. फोल्डर आपोआप क्लाउडवरच्या ड्राइव्हवर जातं, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त असतात. ते बॅकअप नव्हे. संगणकात व्हायरस शिरला आणि फायली खराब झाल्या, की त्या खराब फायलीच वर चढतात आणि चांगल्यांची जागा घेतात. जुन्या तारखांच्या प्रती वेगळ्या राहायला हव्यात. पुराच्या दिवसांत शहराच्या मोठ्या भागात वीजच नव्हती, हेही विसरू नका. अशा वेळी क्लाउडवरचा हिशोब सुखरूप असतो, पण दिसत नाही. म्हणून एक हार्ड डिस्क नदीपासून लांब, विश्रामबागेत किंवा मिरजेला नातेवाइकांकडे ठेवा आणि महिन्याला बदला. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून हिशोब खरोखर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

पासवर्ड मालकाच्या नावावर आणि मालकाच्या मोबाईलवर हवा. दिवाणजींना त्यांचं वेगळं लॉगिन द्या, म्हणजे कुणी कधी कोणती नोंद बदलली हे दिसतं. यात त्यांचा अपमान नाही. उद्या काही घोळ झाला, तर प्रामाणिक माणसाला तेच वाचवतं.

प्रश्न : साताऱ्यात आमचं कंदी पेढ्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर पेढे विकायला ठेवावेत, असा घरात आग्रह चालू आहे. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहोत. यात नफा राहील का?
— मिठाईवाले, सातारा

आधी कंपोझिशनचं बघू, कारण तिथेच बरेच जण अडकतात. कंपोझिशन म्हणजे लहान व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून वेगळा कर न घेता उलाढालीवर ठरावीक थोडा कर भरायची योजना. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. ऑनलाइन बाजारपेठेवरून विकायलाही पूर्वी मनाई होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकायला परवानगी मिळाली. म्हणजे साताऱ्याचा पेढा पुण्याला, ठाण्याला, नागपूरला जाऊ शकतो. बेळगावला किंवा बंगळूरला नाही. बाहेर पाठवायचा तर नेहमीच्या पद्धतीची नोंदणी घ्यावी लागेल आणि पेढ्यावर ५ टक्के कर वेगळा दाखवावा लागेल. हा निर्णय आपल्या कर सल्लागाराबरोबर बसून घ्या, घरातल्या आग्रहावर घेऊ नका.

आता नफा. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी मी धरलेत, प्रत्येक बाजारपेठेचे दर निराळे असतात. समजा नेहमीच्या नोंदणीवर अर्धा किलोचा डबा ३०० रुपयांना लावला. त्यातले १४ रुपये २९ पैसे कराचे, हातात राहिले २८५ रुपये ७१ पैसे. बाजारपेठेचं कमिशन १० टक्क्यांनी ३० रुपये, पोचवण्याचे आणि हाताळणीचे ७० रुपये, या शंभरावर १८ टक्के जीएसटी. ते १८ रुपये नेहमीच्या नोंदणीत परत वळते करून घेता येतात, कंपोझिशनमध्ये ते तुमच्या खिशातून जातात. बाहेरचा मजबूत डबा आणि चिकटपट्टी २० रुपये. उरले साधारण १६५. यात अर्धा किलोचा खवा, साखर, वेलदोडा, गॅस आणि आचाऱ्याची मजुरी बसते का, ते तुम्हीच सांगू शकता. शिवाय दहातला एखादा डबा परत येईल. परत आलेला पेढा विकायचा नसतो, टाकून द्यायचा असतो. दुसऱ्याचा शर्ट परत आला तर तो घडी घालून पुन्हा विकतो. मिठाईवाल्याला ती सोय नाही.

बाजारपेठ तुमच्या विक्रीतून थोडा करही कापून घेते : जीएसटीचा ०.५ टक्का आणि आयकराचा ०.१ टक्का. हा खर्च नाही, तो तुमच्या नावे जमा होतो. पण तो हिशोबात धरला नाही, तर बँकेत आलेली रक्कम आणि बिलांची बेरीज कधीच जुळणार नाही. मार्चअखेरीला माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असतात. बाजारपेठेचा पंधरवड्याचा हिशोब दर वेळी उतरवून घ्या आणि बिलाशी बिल लावून बघा.

पण मला खरी खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. तिथे गिऱ्हाईक कुणाचं? डब्यावर चिकटवायला नाव-पत्ता मिळतो. फोन नंबर बहुधा झाकलेलाच असतो. डब्यात स्वतःचं कार्ड घालायलाही पुष्कळ करारांत मनाई असते. तीन पिढ्यांत तुमच्या दुकानाने जे कमावलं, ते म्हणजे दिवाळीला पुण्याहून येणारा फोन : 'दोन किलो ठेवा, रविवारी येतो.' तो माणूस तुम्हाला ओळखतो. बाजारपेठेवरचा माणूस 'कंदी पेढा' असं शोधतो, समोर आलेल्या दहांमधला स्वस्त बघतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याचा घेतो.

म्हणून सुरुवात त्या पुण्याच्या माणसापासून करा. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी आणि भाव ठेवा, पैसे यूपीआयने आधी घ्या, आठवड्यातले दोन दिवस ठरवून कुरिअरने माल पाठवा. सकाळी भाजलेला पेढा त्याच दिवशी निघेल असं बघा. डब्यावर बनवल्याची तारीख, किती दिवसांत खावा आणि अन्न परवान्याचा नंबर हवाच. नंबरांची यादी एका वहीत किंवा एक्सेलमध्ये स्वतः ठेवा, आणि ज्याने 'कळवत जा' म्हटलंय त्यालाच संदेश पाठवा. वैयक्तिक माहितीबाबतचा कायदा २०२३ साली झालाय. आणि रोज सकाळी शुभेच्छा पाठवणाऱ्या दुकानाला लोक ब्लॉक करतात, हे कायद्याशिवायही खरं आहे.

ओएनडीसी हे सरकारच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस उभं राहिलेलं खुलं जाळं आहे. त्यात खरेदीचं ॲप एकाचं आणि विक्रीचं दुसऱ्याचं असू शकतं, त्यामुळे एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. कल्पना मला मनापासून आवडते. पण तुमची घरची यादी दोनशे नावांची झाल्यावर तिकडे वळा.

प्रश्न : मोबाईलवर जाहिरात बघून एका साइटवरून साडी मागवली. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह होतं म्हणून विश्वास ठेवला. आली ती पातळ पॉलिएस्टरची. फोन कुणी उचलत नाही.
— गृहिणी, विटा

ताई, ते कुलूप दुकानदाराच्या सचोटीचं नसतं. तुमचा मोबाईल आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणी वाचू नये, एवढीच सोय ती. नेटस्केप कंपनीने १९९५ साली ही पद्धत आणली, त्यामुळेच लोक कार्डाचा नंबर साइटवर लिहायला धजावले. आज ते कुलूप कुणालाही फुकट मिळतं, लबाडालाही.

साइटच खोटी वाटत असेल आणि पैसे ऑनलाइन दिले असतील, तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. इथे प्रत्येक तास मोलाचा असतो. विक्रेता खरा आहे पण माल भलताच दिला, असं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. दाद लागली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ग्राहक आयोगाकडे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच, तक्रार करता येते. विक्रेता सुरतेचा असो नाहीतर दिल्लीचा. पुढच्या वेळी पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या आणि साइटवर परतीचा पूर्ण पत्ता नसेल तर तिथे खरेदी करू नका.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं सुट्या भागांचं छोटं युनिट आहे, उलाढाल सहा कोटींच्या आसपास. एकच बिल तीनदा टाइप होतं : आमच्या सॉफ्टवेअरमध्ये, ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर आणि मोठ्या गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर. एवढं करून पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. ही सगळी व्यवस्था आमच्यासाठी आहे की त्यांच्यासाठी?
— लघुउद्योजक, कुपवाड

भाऊ, तुमचा वैताग मी रोज ऐकते. ही व्यवस्था आली कुठून ते थोडं सांगते, त्यावरून उपायही दिसेल. इंटरनेट घरोघरी येण्याआधीसुद्धा मोठ्या कंपन्या एकमेकांना ऑर्डर आणि बिलं संगणकावरूनच पाठवत होत्या. पण त्यासाठी खास भाड्याचं जाळं लागायचं, दोघांनी एकच साचा ठरवावा लागायचा, आणि तो खर्च लहान युनिटला झेपणारा नव्हता. इंटरनेटमुळे जाळं फुकटासारखं झालं. १९९८ मध्ये एक्सएमएल ही माहिती लिहिण्याची सर्वांसाठी खुली पद्धत प्रमाण म्हणून जाहीर झाली, त्यानंतर साच्यांची मक्तेदारीही ढिली झाली. पण मोठ्या कंपन्यांनी मधलीच वाट धरली. त्यांनी आपापलं पोर्टल उघडलं आणि टायपिंगचं काम पुरवठादाराच्या गळ्यात घातलं. त्यांचा कारकून वाचला. तुमचा अडकला. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, ते पोर्टल त्यांच्यासाठी आहे.

ई-इन्व्हॉइसचं तसं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून, २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही वर्षी पाच कोटींच्या वर उलाढाल गेलेल्यांना नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलासाठी ते सक्तीचं आहे. त्यात बिलाची माहिती सरकारी पोर्टलवर ठरलेल्या एकाच साच्यात जाते आणि बदल्यात ६४ अक्षरांचा क्रमांक व सही केलेला क्यूआर कोड परत येतो. हा साचा देशभर एकच आहे, तेव्हा ते हाताने टाइप करत बसू नका. आजची जवळपास सगळी हिशोबाची सॉफ्टवेअर ते काम बिल छापतानाच थेट करतात. क्रमांक आपोआप बिलावर येतो, जीएसटीआर-१ मध्ये त्याची नोंद आपोआप होते, माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचा पहिला भागही तयार होतो. तुमच्याकडे ही सोय चालू केलेली नाही, एवढंच. एका दुपारचं काम आहे. बिल महिन्याच्या आत चढवण्याची जी सक्ती आहे ती दहा कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला आहे, तुम्हाला अजून नाही. पण सवय आत्तापासून लावा.

गिऱ्हाइकाच्या पोर्टलचं म्हणाल तर त्यांच्या खरेदी विभागाला लेखी विचारा : 'एकदम बरीच बिलं चढवायची फाइल तुम्ही घेता का?' बहुतेकांकडे एक्सेलचा साचा असतो, तो मागेपर्यंत कुणी देत नाही. त्या साच्यात तुमच्या सॉफ्टवेअरमधून माहिती काढून देणारा छोटा रिपोर्ट बनवून घ्या. तिसरं टायपिंगही संपेल.

आता पैसे, कारण जीव तिथे अडकलाय. तुमची उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी, नोंदणी असेलच. नसेल तर आधी ती करा, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, म्हणजे तुम्हाला, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्याला आयकराचीही जोड मिळाली : मुदतीत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाला ती रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते. मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग याला घाबरतात. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

एक बारीक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. दिवस मोजले जातात ते माल स्वीकारल्यापासून. पोर्टलवर 'स्वीकृत' ही खूण गिऱ्हाईकच करतं, आणि ती महिनाभर लांबवली की तुमचे ४५ दिवसही लांबल्यासारखे दिसतात. पण माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल दिला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणून गेटवर शिक्का मारलेलं चलन फेकू नका. त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि बिलाच्या नोंदीला जोडून ठेवा. पोर्टलवरचं त्यांचं रेकॉर्ड त्यांच्याकडे असतं. भांडायची वेळ आली तर तुमच्याकडे तुमचं हवं.

आणि ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ही ऑनलाइन व्यवस्था आहे. तुमचं बिल गिऱ्हाइकाने तिथे मान्य केलं, की बँका त्यावर बोली लावतात. सगळ्यात कमी व्याज सांगणारी बँक तुम्हाला लगेच पैसे देते आणि मुदत भरल्यावर गिऱ्हाइकाकडून वसूल करते. त्याने बुडवलं तर बँक तुमच्याकडे परत येत नाही. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं सक्तीचं झालंय. तुमचं गिऱ्हाईक त्यात बसत असणार. इतकं उपयोगी काही इंटरनेटने लघुउद्योगाला क्वचितच दिलं असेल, तरी कुपवाडात फार थोडे जण ते वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : मी हळद पिकवतो. मोबाईलवर रोज दर बघतो. पण सांगलीच्या मार्केट यार्डात माल घेऊन गेलो की सौद्यात दर वेगळाच निघतो. मोबाईल खोटा की सौदा?
— शेतकरी, वाळवा तालुका

दोन्ही खरे, पण ते वेगवेगळ्या हळदीचे आहेत. मोबाईलवर जे दिसतं त्यात कधी वायदे बाजाराचा दर असतो, म्हणजे ठरावीक प्रतीची हळद पुढच्या एखाद्या महिन्यात ठरावीक ठिकाणी द्यायची त्याचा. कधी एखाद्या बाजार समितीचा त्या दिवशीचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतो. सौद्यात खरेदीदार तुमच्या ढिगात हात घालतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो, ओल बघतो, पॉलिश बघतो, कांडी आणि गड्डा किती ते बघतो. त्याने काढलेला दर त्या ढिगाचा असतो.

१४ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या ई-नाम योजनेचा हेतूच हा होता की मालाची प्रत आधी तपासून तिचा कागद संगणकावर चढवायचा, म्हणजे लांबचा व्यापारीही न बघता बोली लावू शकेल. तपासणी जिथे नीट होते तिथे दर वाढायला वाव असतो. जिथे तपासणी कागदापुरती असते तिथे संगणकावरच्या बोलीत काही राम नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या मालाची ओल आणि प्रत स्वतः तपासून घ्या, आणि सौद्याची प्रत्येक पट्टी जपा. तारीख, पोती, वजन, प्रत, दर आणि कपाती अशा सहा रकान्यांची वही करा. दोन हंगाम गेले की मोबाईलवरच्या कुठल्या आकड्याशी तुमचा माल जुळतो, ते तुम्हाला कळेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा भावात फायदा घ्यायचा तरी आपल्या मालाची अशी नोंदच दाखवावी लागते.

दर पडलेला असताना नड म्हणून विकू नका. हळद टिकते, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांमध्ये आपल्याकडे ती वर्षानुवर्षं राहायची. आता नोंदणीकृत गोदामात माल ठेवला की इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती मिळते आणि तिच्यावर बँक कर्ज देते. २०१७ पासून ही सोय आहे. पावती संगणकावर असल्यामुळे हरवत नाही आणि एकाच मालावर दोनदा कर्जही निघत नाही. गोदामात माल टाकण्याआधी त्या गोदामाची वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, एवढं मात्र विचारा. बाजार समितीकडे शेतमाल तारण योजनेचीही चौकशी करा.

प्रश्न : मी बी.कॉम.ला आहे. टॅली शिकू, वेबसाइट बनवायला शिकू की डिजिटल मार्केटिंग?
— विद्यार्थी, कऱ्हाड

आधी हिशोब पक्का कर. नावे आणि जमा झोपेतसुद्धा चुकता कामा नये. सॉफ्टवेअर बदलत राहतात, नावे-जमा बदलत नाही. मग एक्सेल नीट शीक, आणि त्यानंतर थोडं एसक्यूएल, म्हणजे हजारो बिलांतून हवी ती नेमकी कशी काढायची ते. क्लासची फी भरण्याआधी कऱ्हाडच्याच एखाद्या दुकानात दिवाळीचे दोन महिने काम माग. तिथला ऑनलाइन विक्रीचा पंधरवड्याचा हिशोब आणि बँकेचं पासबुक समोर घेऊन बस, दोन्ही पै-पैशाने जुळव. नाही जुळलं तर कुठे अडलं ते मला लिही.